घरात ६० लिटर पाणी होतं, आणि तरी आम्ही अडलो

वादळाच्या आदल्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते. प्यायच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या, झाकणाची पातेली भरली, स्वयंपाकघरातलं पिंप काठोकाठ भरलं. माणशी रोज ३ लिटर, माणसं ४, दिवस ५. म्हणजे ६० लिटर. हिशेब चोख. रात्री वारा घोंघावत होता, पण झोप छान लागली.

सकाळी नळ गेला. दुपारी बारापर्यंत आमचं घर पुरतं अडलं होतं आणि त्या ६० लिटरमधलं फार तर ३ लिटर संपलं होतं.

अडलं ते संडासात.

हसा खुशाल, आम्हीही पहिल्या दिवशी हसलो. मग मी कागद घेऊन बसले. नव्या पद्धतीच्या फ्लशच्या टाकीचं मोठं बटण दाबलं की साधारण ६ लिटर पाणी जातं, जुन्या टाक्यांना १० लिटर किंवा त्याहूनही जास्त लागतं. चार माणसं दिवसातून पाच-पाच वेळा जाणार. सहानेच धरलं तरी झाले १२० लिटर. माझा पाच दिवसांचा साठा एका दिवसात दोनदा संपला असता. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की सगळ्या मूलभूत गरजा भागायला माणशी रोज ५० ते १०० लिटर लागतात, आणि संकटकाळातल्या छावण्यांसाठी किमान मानतात ते १५ लिटर. यातलं प्यायचं किती? दोन-तीन लिटर. बाकीच्याचा विचार मी केलाच नव्हता. इशाऱ्यांमध्ये ‘पिण्याचे पाणी साठवून ठेवा’ एवढंच असतं. माझ्या मते त्याच्या खाली, तेवढ्याच ठळक अक्षरात लिहायला हवं: घरातला सगळ्यात मोठा टब, बादल्या, कचऱ्याचा नवा डबा, जे मिळेल ते वापरायच्या पाण्याने भरा. लाज वाटत असेल तर ‘इतर वापर’ म्हणा, पण लिहा.

काही गोष्टी दोन दिवसांत शिकलो. फ्लशच्या टाकीत पाणी ओतायचंच नाही. अर्धी बादली, चार-पाच लिटर, थेट संडासाच्या भांड्यात एका दमात ओतायची. मगाने हळूहळू ओतलं तर पाणी वाया जातं आणि काम काही होत नाही. लघवीनंतर दर वेळी ओतायचं नाही, झाकण लावायचं. हात धुतलेलं, भांडी विसळलेलं, कपडे खळबळलेलं सगळं पाणी टबात आणि तिथून संडासात. गॅलरीतल्या पन्हळीखाली बादली. बाहेर धो धो पाऊस आणि घरात कोरडा नळ, हा विनोद ज्याने अनुभवलाय त्यालाच कळेल. गीझरमध्ये १५-२० लिटर अडकून बसलेलं असतं हे शेजारच्या काकांनी सांगितलं. आधी त्याची वीज बंद करायची, मग खालून पाणी काढायचं, आणि पुन्हा भरेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

आणि वजन! १ लिटर म्हणजे १ किलो, हे शाळेत शिकलेलं जिन्यात कळतं. १५ लिटरची बादली चौथ्या मजल्यावर नेताना निम्मी सांडते आणि उरलेली शिव्या खाते. दोन लहान बादल्या, दोन हातांत. पाठ वाचते.

पण हे सगळं चालवून घेता येतं. मला खरं बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंना चक्कर आली. ओठ सुकलेले. मी म्हटलं, “आई, पाणी घ्या ना, भरपूर आहे.” त्या म्हणाल्या, “तहानच नाही गं.” रात्री मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं, “आजी मुद्दाम पीत नाहीये. प्यायलं की जावं लागतं, आणि गेलं की बाबांना पुन्हा बादली आणावी लागते.” घरात ५० लिटर स्वच्छ पाणी, आणि ७४ वर्षांची बाई तहानलेली. कोणाला त्रास नको म्हणून. मुलीची पाळी सुरू होती, तीसुद्धा घोट-घोट पीत होती, हे मला नंतर कळलं. माझा चोख हिशेब तिथे मोडला.

त्या रात्री नवऱ्याने संडासाच्या दाराशी भरलेल्या तीन बादल्या ओळीने ठेवल्या आणि जाहीर केलं की ह्या कधीच रिकाम्या दिसणार नाहीत. मग आई प्यायल्या, पण बेतानेच.

आता नळ का जातो ते थोडक्यात, कारण ‘इतक्या पावसात पाणी कसं नाही’ असं मीही तावातावाने विचारलं होतं. वीज गेली की पंप बंद. मुळं पाइपांभोवती गुंडाळलेली असतात, त्यामुळे झाड उन्मळलं की जमिनीखालची लाइनही उखडते. आणि धरणात इतका गाळ येतो की गाळण यंत्रणेला तो झेपत नाही. अमेरिकेत अ‍ॅशव्हिल शहरात २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस हेलीन वादळानंतर हे सगळंच झालं. तिथे नळाला पाणी ऑक्टोबरमध्ये परत येऊ लागलं, पण ते न उकळता पिण्यायोग्य असल्याचं जाहीर झालं १८ नोव्हेंबरला. म्हणजे कितीतरी दिवस नळ वाहत होता, पण ते पाणी तसंच पिण्याजोगं नव्हतं.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाइपात दाब असतो तोवर भेगेतून पाणी बाहेर गळतं. दाब गेला की बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणून नळ परत आल्यावर पहिलं पाणी टबात घ्या आणि पाणीपुरवठ्याकडून हिरवा कंदील मिळेपर्यंत उकळून प्या. खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट पुरतं, २००० मीटरच्या वरच्या गावात ३ मिनिटं. गॅस नसेल तर ५-६ टक्क्यांचं साधं, सुगंध न घातलेलं घरगुती ब्लीच: लिटरला २ थेंब, गढूळ असेल तर ४, ढवळून ३० मिनिटं थांबायचं. किंचित क्लोरीनचा वास आला पाहिजे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आमच्या वरच्या मजल्यावर ‘तुरटी फिरवली की झालं’ असं ठामपणे सांगणारे एक गृहस्थ आहेत, म्हणून मुद्दाम लिहितेय. पुराच्या पाण्यात तेल, पेट्रोल, औषधं मिसळली असतील तर उकळूनही उपयोग नाही. आणि तो भिंतीवरचा आरओ? विजेशिवाय तो शोभेची वस्तू, आणि वीज असली तरी जेवढं पाणी देतो त्याहून जास्त मोरीत सोडतो. अशा दिवसांत हे परवडत नाही.

चौथ्या रात्री आमची फजिती झाली. दिवसभर येता-जाता प्रत्येकाने नळ फिरवून पाहिलेला. कोणता चालू, कोणता बंद, पत्ता नाही. पहाटे तीनला बेसिनचा नळ आधी खोकला, मग फुरफुरला आणि लाल-तपकिरी पाण्याची धार सुरू झाली. जाळीत कपडा अडकलेला. जाग आली तेव्हा पाणी हॉलमध्ये. चार दिवस थेंब थेंब मोजणारं घर, आणि आम्ही ते पाणी पोत्याने पुसत होतो. कोणी चालू ठेवला यावरून भांडणही झालं. (मीच. अजून कबूल केलेलं नाही.)

आवाजाने आई उठून आल्या. ओल्या फरशीवर भिंत धरून उभ्या राहिल्या आणि विचारलं, “संडासात आलं का?”

नवऱ्याने जाऊन बटण दाबलं. आवाज आला, मग टाकी भरायला लागल्याचाही आवाज आला.

आईंनी पिंपाचं झाकण उघडलं, तांब्या बुडवला आणि उभ्या उभ्या अख्खा तांब्या प्यायल्या. मग दुसरा.