प्रोडक्शनमध्ये फक्त एरर लॉग ठेवावेत का?

चालू ॲप आपल्या कामाच्या ज्या नोंदी लिहीत जाते त्या म्हणजे लॉग, आणि नोंद किती महत्त्वाची हे तिची लेव्हल (डीबग, इन्फो, एरर अशी) सांगते. त्यांबद्दल सॉफ्टवेअर टीममध्ये नव्याने आलेल्यांना हमखास दिला जाणारा एक सल्ला असा आहे: डेव्हलपमेंटमध्ये डीबग ही सर्वांत तपशीलवार लेव्हल ठेवा आणि प्रोडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर, फक्त एरर, प्रत्येक एन्व्हायरन्मेंटची (डेव्हलपमेंट, टेस्ट, प्रोडक्शन) लॉगिंग सेटिंगची फाइल बिल्डमध्येच, म्हणजे सर्व्हरवर चढवायच्या तयार ॲपमध्येच, घाला, लॉग वाढले की ॲप संथ होते, आणि टेस्ट सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीही लिहिले तरी चालते. चारही विधानांत थोडे तथ्य आहे आणि चारही, जशीच्या तशी पाळली तर, टीमला अडचणीत आणतात.

पहिले विधान मला सर्वांत घातक वाटते. समजा, ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, पण ऑर्डर पक्की झाली नाही. पेमेंट गेटवेचा कॉलबॅक (पैसे मिळाल्याचा निरोप) ऑर्डरची नोंद डेटाबेसमध्ये कमिट, म्हणजे पक्की, होण्याआधीच येऊन पोहोचला, कोडला ती ऑर्डर सापडली नाही आणि त्याने गेटवेला २०० हे यशाचे उत्तर देऊन काम संपवले. यात कुठेही एक्सेप्शन (कोड अडल्याची सूचना) नाही, म्हणून एररही नाही. फक्त एरर लिहिणाऱ्या लॉगमध्ये या ग्राहकाचा मागमूसही राहणार नाही. कॉलबॅक कधी आला आणि कमिट कधी झाले, हे सांगणाऱ्या इन्फो लेव्हलच्या दोन ओळी, त्यांवर एकच रिक्वेस्ट आयडी (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) असेल तर, हा गुंता काही मिनिटांत सोडवतात. सिसलॉग या लॉग पाठवण्याच्या पद्धतीच्या २००९ सालच्या आरएफसी ५४२४ या प्रमाणकात ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत आणि त्यांतली ५ क्रमांकाची, नोटिस, ही मुद्दाम 'सामान्य पण महत्त्वाच्या' स्थितीसाठी राखलेली आहे. चोरलेल्या पासवर्डने केलेले लॉगिनही यंत्राच्या दृष्टीने यशस्वीच असते, म्हणून त्याचीही एरर पडत नाही. भारतात तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. नुसत्या एररच्या आधारे त्या ६ तासांत काय कळवणार?

दुसरे विधान सोयीचे दिसते, पण लॉगिंग फाइल बिल्डमध्ये गेली की स्टेजिंगवर (प्रोडक्शनआधीच्या चाचणी सर्व्हरवर) तपासलेले बिल्ड आणि प्रोडक्शनवर चढणारे बिल्ड ही दोन वेगळी बिल्ड ठरतात. शिवाय कोडच्या एका भागाची लेव्हल दहा मिनिटांसाठी डीबग करायची तरी पुन्हा डिप्लॉय करावे लागते, आणि त्या रीस्टार्टमध्ये आपण शोधत असलेली स्थितीच अनेकदा पुसली जाते. बिल्ड एकच असावे आणि लेव्हल बाहेरून, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून यावी. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये ॲक्च्युएटर या देखरेखीच्या भागाच्या लॉगर्स एंडपॉइंटवरून (वेब पत्त्यावरून) ती चालू ॲपमध्येच बदलता येते. मात्र हा एंडपॉइंट बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नये. लॅपटॉपवर लॉगचा रंगीत मजकूर आणि प्रोडक्शनवर जेसन (यंत्राला वाचायला सोपा साचा), हा फरक योग्यच आहे, कारण एक माणूस वाचतो आणि दुसरे यंत्र. डॉकर (ॲप कंटेनरमध्ये चालवणारे साधन) वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की त्याचा लॉग लिहिणारा जेसन-फाइल ड्रायव्हर मूळ सेटिंगमध्ये फाइलच्या आकाराला मर्यादा घालत नाही; ती आपण घातली नाही तर एक दिवस डिस्क भरते.

तिसऱ्या विधानातल्या संथपणाबद्दल थोडक्यात: वेळ अनेकदा लॉगची ओळ लिहिण्यापेक्षा ती आधीच जुळवून ठेवण्यात जातो. पायथॉनमध्ये एफ-स्ट्रिंग (मजकुरात किंमती थेट भरण्याची पद्धत) दिली की लेव्हल बंद असली तरी मजकूर तयार होतोच. मजकुरात %एस ही खूण आणि किंमत वेगळे आर्ग्युमेंट म्हणून दिली तर तो गरज पडल्यावरच तयार होतो. एसएलएफ४जे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीत महिरपी कंसांच्या जोडीने हेच साधते.

चौथ्या विधानाला तर घडलेल्या गोष्टीच उत्तर देतात. मे २०१८ मध्ये ट्विटरला आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा विचार करा असे सांगावे लागले, कारण हॅश होण्याआधीच (मूळ रूप ओळखता न येईल असे बदलण्याआधीच) पासवर्ड कंपनीच्या अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या, लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीतल्या लॉगफोरशेल दोषात तर लॉगमध्ये उतरणारा मजकूरच हल्ल्याचे साधन ठरला, आणि त्या लायब्ररीची सदोष आवृत्ती असलेला टेस्ट सर्व्हरही तितकाच असुरक्षित होता. स्टेजिंगवर प्रोडक्शनच्या डेटाची प्रत असणे आणि तिथे प्रवेश अधिक लोकांना असणे, हे आपल्याकडे सर्रास आढळते. म्हणून कार्ड क्रमांक, ओटीपी आणि टोकन झाकण्याचा नियम लॉगरच्या एकाच ठिकाणी, सर्व एन्व्हायरन्मेंटसाठी सारखा असावा, आणि नकली कार्ड क्रमांक लॉगमध्ये उघडा दिसला तर बिल्ड नापास करणारी एक टेस्ट पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवावी.