कान, कूलर आणि कोमट तेल

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, एकदाचा संपतो, पाऊसही दोन सरी टाकून जातो, पण नागपूरकर कूलर काही लगेच बंद करत नाही. खोलीभर दमट गारवा, आणि घरातली सगळ्यात मोक्याची जागा अडवून, कूलरच्या तोंडाशी पसरलेला लॅब्राडॉर. आम्ही कुत्रेवाले याच दिवसांत एकमेकांना दबक्या आवाजात विचारतो, "तुमच्याकडेही वास येऊन राहिला का?"

वासाचा शोध आधी कूलरच्या टाकीत लागतो, मग पायपुसण्यात, मग पोरांच्या मोज्यांत. शेवटी कुणीतरी कुत्र्याचा कान उलटा करून नाक जवळ नेतं आणि तितक्याच वेगाने मागे घेतं. दोन दिवस जास्त आंबलेलं इडलीचं पीठ! आत लालभडक कातडी, तपकिरी चिकट मळ, आणि कुत्रा मागच्या पायाने असा कान खाजवतोय की जणू तंबोरा लावतोय.

लगेच सल्लागार जमतात. "काहून डॉक्टरकडे जाता भाऊ? लसणाचं तेल कोमट करा न् टाका दोन थेंब." मराठीत 'कानात तेल घालून बसणे' म्हणजे दुर्लक्ष करणे. भाषेला कळलं ते कॉलनीला अजून कळलेलं नाही. तेलाने मळाचा लगदा होतो, डॉक्टरांना कानाचा पडदा दिसत नाही, आणि आतल्या मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टला, म्हणजे एका बुरशीला, तेलकटपणा तर फारच आवडतो. म्हणजे पाहुण्याला हाकलायचं ठरवून आपण त्याला साजूक तुपाची पोळी वाढली. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवाले याहून कडवे. सोललेल्या कातडीवर ते ओतलं की कुत्रा पुढचे सहा महिने बाटली बघूनच पलंगाखाली.

खरी गोम कानाच्या नकाशात आहे. कुत्र्याच्या कानाची नळी 'एल' अक्षरासारखी: आधी खाली उतरते, मग वळून आत पडद्याकडे जाते. 'या कानाने ऐकून त्या कानाने सोडणे' मालकाला जमतं, कुत्र्याच्या कानातल्या पाण्याला जमत नाही. आंघोळीचं पाणी त्या वळणावर थांबतं. वर लोंबत्या कानाचं झाकण, आत 38-39 अंशांची ऊब. म्हणून कानकाडी घालू नये. ती मळ बाहेर काढत नाही, वळणापलीकडे ठासते.

यीस्ट आणि बॅक्टेरिया निरोगी कानातही थोडे असतातच. ते माजतात तेव्हा मागे बहुतेकदा ॲलर्जी असते: धुळीतल्या किड्यांची, परागकणांची किंवा खाण्यातल्या प्रथिनाची. वर्षातून तीनदा कान येत असेल आणि कुत्रा पंजेही चाटत असेल, तर कान ही फक्त तक्रार पेटीची जागा आहे. तक्रार कातडीची आहे. पिल्लाच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखं काळं दिसलं तर मात्र कानातल्या माइट्सचा, म्हणजे बारीक किड्यांचा, संशय घ्यावा, आणि मग घरातल्या मांजरीचंही औषध करावं लागतं, ती कितीही नाक मुरडो.

रंग-वासावरून अंदाज बांधता येतो, निदान नाही. डॉक्टर कापसाच्या काडीवर मळ घेऊन काचेवर फासतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. यीस्ट तिथे भुईमुगाच्या छोट्या शेंगांसारखं दिसतं. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जा की गल्लीतल्या दवाखान्यात, दोन गोष्टी मागून घ्याव्यात: ही तपासणी आणि पडद्याची पाहणी. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखं औषध आत गेलं तर कुत्रा बहिरा होऊ शकतो. फ्रिजच्या दारात, लोणच्याशेजारी उभी असलेली गेल्या पावसाळ्यातली ड्रॉप्सची बाटली म्हणूनच टाकून द्यावी. आणि चौथ्या दिवशी वास गेला म्हणून औषध थांबवू नये. उरलेले जंतू त्याच औषधाला दाद देईनासे होतात. मान एका बाजूला कलली, चालताना तोल गेला, तर त्याच दिवशी दवाखाना. कानाची पाळी पुरीसारखी टम्म फुगली, तरीही: डोकं झटकून झटकून आतली रक्तवाहिनी फुटलेली असते.

कान बरा असताना सफाई करायची ती अशी. कुत्र्यांसाठीचं इअर क्लीनर घ्यायचं, बाटली मुठीत धरून कोमट करायची. गार द्रवाने कुत्र्याला गरगरतं. पाळी वर उचलून नळी भरेपर्यंत ओतायचं, टोक कानाला न लावता. मग कानाच्या बुडाशी अर्धा मिनिट चोळायचं. पचक पचक आवाज आला म्हणजे हात बरोबर जागी आहे. आता मागे सरकायचं. हे वाक्य मोठ्या अक्षरात छापायला हवं, कारण पुढच्या क्षणी कुत्रा डोकं झटकतो आणि भिंतीच्या नव्या डिस्टेंपरवर तपकिरी नक्षी उमटते. उरलेलं बोटाला कापूस गुंडाळून, बोट जाईल तिथवरच पुसायचं. लोंबत्या कानाच्या कुत्र्याला पंधरा दिवसांतून एकदा आणि आंघोळीनंतर, एवढं पुरे. रोज घासलं तर कातडी चिडते आणि आपणच दुखणं ओढवून घेतो.

सगळ्यात अवघड मात्र यातलं काहीच नाही. खाण्याच्या ॲलर्जीचा संशय आला की डॉक्टर सांगतात: आठ आठवडे फक्त ठरलेलं अन्न, दुसरा एक घास नाही. घरातले सगळे माना डोलावतात. सहाव्या आठवड्यात कुत्रा पुन्हा कान खाजवू लागतो. चौकशी होते. "म्या काही नाही देलं बाप्पा," आजी जपमाळ ओढत सांगते. तिच्या पदराला ग्लुकोज बिस्किटाचा चुरा, कुत्र्याच्या मिशीवर दुधाची साय. कॅलेंडरवरच्या सहा आठवड्यांच्या फुल्या खोडल्या जातात आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.