आमच्या घरचे आठ जण

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या जुन्या घरात शेवटी शेवटी जिवंत माणसं तीनच उरली होती, बाबा, बायको आणि मी. मेलेली जनावरं मात्र आठ. म्हणजे घर विकायचं की नाही यावर मतदान घेतलं असतं तर आम्ही सपशेल आपटलो असतो. पण बिल्डरनं मतदान घेतलं नाही, सही घेतली, आणि आमचं बेसा रोडला टू बीएचके बुक झालं. कार्पेट साडेआठशे फूट.

आता ही आठ जनावरं म्हणजे आमच्या आबांची, बाबांच्या वडिलांची कमाई. आबा पेशानं वकील पण कोर्टापेक्षा जंगलात जास्त. सीपी अँड बेरारच्या, म्हणजे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळात जंगलखात्याकडून शिकारीसाठी जंगलाचा ब्लॉक घ्यायचा, परमिट काढायचं, आणि थंडीत पंधरा दिवस उमरेडकडे नाहीतर पेंचकडे तंबू ठोकायचे, हे तेव्हा लोक आज जसे गोव्याला जातात तसं करायचे. त्यातून घरी आलेली मंडळी अशी : एक वाघाचं मुंडकं, एक रानगव्याचं, एक काळवीट, एक चितळ, एक रानडुक्कर, दोन सांबर, आणि एक आख्खं अस्वल, मागच्या दोन पायांवर उभं, पुढच्या हातांत पितळी तबक घेऊन. अजबखान्यात जे बघायला लोक तिकीट काढायचे ते आमच्याकडे फुकट होतं, त्यामुळे लहानपणी माझ्या वाढदिवसाला वर्गातली झाडून सगळी पोरं यायची. माझ्यासाठी नाही, अस्वलासाठी.

वाघ अर्थातच नरभक्षक होता. तसा दिवाणखान्यात टांगलेला प्रत्येक वाघ नरभक्षकच असतो, साधा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा वाघ कोणाच्याच आजोबांनी मारल्याचं मी अजून ऐकलं नाही. पण आबांची खास गोष्ट वाघाची नव्हतीच, मोठ्या सांबराची होती. १९४९ चा हिवाळा, पहाटेची वेळ, नाल्यापलीकडे धुक्यात उभा, शिंगं अशी की झाडच उगवलंय डोक्यावर, आणि गोळी लागल्यावर असा ओरडला म्हणे की जनावर नाही, माणूसच हाक मारतोय. इथे आबा थांबायचे, चष्मा पुसायचे. आबा १९९१ मध्ये गेले, तेव्हापासून ही गोष्ट बाबा सांगतात, चष्मा पुसण्यासकट.

तर फ्लॅटमध्ये काय काय मावतं हे बघायला मी मोजायचा टेप घेऊन बसलो. रानगवा हा जंगली गाईबैलांतला जगातला सगळ्यात मोठा प्राणी, नर हजार किलोपर्यंत भरतो, आणि त्याचं नुसतं मुंडकं भिंतीपासून तीन फूट पुढे येतं. नवीन हॉल दहा फूट रुंद. म्हणजे सोफ्यावर बसणाऱ्या पाहुण्याच्या मांडीवर गव्यानं हनुवटी ठेवली असती. बायको म्हणाली, "एक तर हे येतील नाहीतर माझी आई येईल." मी जरा वेळ विचार केला, तोच चुकला.

मग फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले, की बाबांनो आबांची आठवण आहे, कोणाला काय हवं ते सांगा. पाच मिनिटांत चोवीस हार्ट आली. पुण्याच्या काकांनी लिहिलं, हा आपला वारसा आहे, जपला पाहिजे. मी विचारलं, मग गवा पाठवू का? काका त्यानंतर दोन दिवस ऑनलाईन दिसले नाहीत. चुलत बहीण व्हेगन झालीये, तिनं ग्रुपच सोडला. एक मामेभाऊ म्हणाला मी वाघ घेतो, पण त्याला तो कारच्या बॉनेटवर लावायचा होता. हिंगण्याकडे एकाचं सावजी हॉटेल आहे, तो स्वतः येऊन अस्वलाला चारही बाजूंनी बघून गेला, म्हणे काऊंटरपाशी उभं करतो, तबकात बडीशेप ठेवतो. मला खरं सांगू का, ही आयडिया आवडली होती. अस्वलाला कामाचा अनुभव पण होता.

भाच्यानं मात्र कहर केला. त्यानं मला न विचारता अस्वलाचा फोटो काढून जुन्या वस्तूंच्या साईटवर टाकून दिला, 'अँटिक बेअर, व्हेरी गुड कंडिशन, किंमत बोलून ठरवू'. रात्री अकराला माझ्या वकील मित्राचा फोन.

"काय करून राहिला बे तू? ते आधी डिलीट मार."

"काऊन?"

"तीन ते सात वर्षं जाशील म्हणून काऊन. शेड्यूल वनचं जनावर हाय ते."

मग त्यानं मला झोपेतून उठवून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ शिकवला. शेड्यूल वन म्हणजे त्यातली सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी. आबांनी १९७३ मध्ये सगळ्याची नोंद करून मालकीचं प्रमाणपत्र घेतलं होतं ते ठीक, पण त्या प्रमाणपत्रानं फक्त घरात ठेवता येतं. विकता येत नाही. २००३ पासून बक्षीस म्हणून पण कोणाला देता येत नाही, जातं ते फक्त वारसानं. "म्हणजे रे?" मी विचारलं. "म्हणजे बाबांनंतर तुले, अन् तू मेला की तुह्या पोरीले," तो म्हणाला. मी बंगलोरला पोरीला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, मी तुमच्यावर खूप प्रेम करते, पण मी आत्ताच लिहून देते की मला काही नको." काळजाला भिडलं वगैरे नाही, पण रेकॉर्ड करून ठेवलं.

दरम्यान बायकोनं ठरवलं की काहीही होवो, जनावरं घरातून स्वच्छ जातील. तिनं अस्वलाला सर्फच्या पाण्यानं पुसलं आणि हेअर ड्रायरनं वाळवलं, वाघाच्या काचेच्या डोळ्यांना कोलीन मारलं. हे मी कौतुकानं एका ओळखीच्या बाईंना सांगितलं, त्या पूर्वी एका संग्रहालयात होत्या. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, अहो, जुन्या काळी कातड्याला कसर लागू नये म्हणून आतून आर्सेनिकचा साबण चोळायचे, उघड्या हातांनी शिवू पण नका. आर्सेनिक म्हणजे सोमल. घरी येऊन मी अस्वलाकडे बघितलं, अस्वलाच्या हातातल्या तबकाकडे बघितलं, आणि मला आठवलं की दर दिवाळीला आजी लाडू त्या तबकातच ठेवायची, आम्ही पोरं अस्वलाशी शेकहँड करून लाडू उचलायचो, हात कोण धुतो? आमच्या खानदानात सगळ्यांचीच पोटं नाजूक आहेत आणि आजवर आम्ही उगाच सावजीच्या रश्श्याला शिव्या देत आलो.

ज्याला आपण पेंढा भरणं म्हणतो त्यात पेंढा असतोच असं नाही हे पण त्याच बाईंकडून कळलं. चांगल्या कामात आत कागदाच्या लगद्याचा साचा असतो आणि त्यावर कातडं चढवतात. मैसूरला व्हॅन इंजेन म्हणून घराणं होतं, देशभरच्या राजेरजवाड्यांचे वाघ तिकडे जायचे, १९९९ च्या सुमाराला ते काम बंद झालं. आमचा वाघ तिकडचा नाही हे त्याच्याकडे बघून कोणीही सांगेल. व्हॅन इंजेनचे वाघ डरकाळी फोडताना दिसतात, आमचा दाढदुखीनं बेजार वाटतो.

शेवटी वकील मित्रानंच रस्ता काढला. कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू, त्यात सोय आहे की प्रमाणपत्र असलेल्या माणसाला आपणहून हे सगळं सरकारजमा करता येतं. मोबदला शून्य. बाबांना हे सांगायला मी आठ दिवस घेतले. तर्री पोहे आणले, संत्रा बर्फी आणली, मग विषय काढला. बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत, शांतपणे पोहे संपवले आणि म्हणाले, "वाघ जाऊ दे. गवा जाऊ दे. सांबर नाही जाणार." "कुठलं सांबर?" "मोठं," म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला.

मग सुरू झाली कागदांची शिकार. सगळ्या वारसांचं ना-हरकत पत्र, पाचशेच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र, आबांचा मृत्यूचा दाखला, आणि ते मूळ प्रमाणपत्र, जे सापडलं आजीच्या देवघरात अन्नपूर्णेच्या खाली. ऑफिसात मी इतक्या चकरा मारल्या की तिथला चहावाला माझा साखर कमी लक्षात ठेवायला लागला. एकदा साहेब टूरवर, एकदा ताडोब्याला मीटिंग, एकदा सर्व्हर डाऊन. ज्या शहरानं स्वतःला टायगर कॅपिटल म्हणवून घेतलं तिथे एक मेलेला वाघ द्यायला चार महिने लागले. जिवंत असता तर तोच येऊन देऊन गेला असता.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात पंचनाम्याला माणसं आली. एक तरुण रेंजर मॅडम, दोन वनरक्षक, आणि एक बोलेरो कॅम्पर. मॅडम यादी वाचत होत्या आणि वनरक्षक प्रत्येक मुंडक्यामागच्या फळीवरचा नंबर बघत होता. वाघ एक, बरोबर. गवा एक. अस्वल एक, तबकासह. काळवीट, चितळ, डुक्कर. सांबर एक.

"दोन," बाबा म्हणाले.

"प्रमाणपत्रात एकच आहे काका."

घरात अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज पण वाढल्यासारखा वाटला. मॅडमनी यादी परत वाचली. एकूण नग सात. भिंतीवर आठ. मोठ्या सांबराच्या मागे नंबर नाही. माझ्या डोळ्यांपुढे ते तीन ते सात वर्षं असं लिहून आलं आणि मी मनात आकडेमोड केली की चांगल्या वर्तणुकीचे किती सुटतात. वकील मित्राला फोन लावला तर उचलेना. बायको मॅडमना चहा विचारायला लागली, तिसऱ्यांदा.

मॅडम स्टुलावर चढल्या. शिंगावर टकटक केलं. वास घेतला. मग खिशातून चावी काढून शिंग मुळाशी जरासं खरवडलं आणि वरूनच म्हणाल्या, "काका, हे सागवान आहे."

"शक्य नाही," बाबा म्हणाले.

मॅडमनी मानेपाशी खरवडलं. तपकिरी रंगाचा पोपडा निघाला आणि खालून निघाला सोनेरी. चकचकीत, सणासुदीचा, मूर्तिकारांच्या चितार ओळीतला सोनेरी. एक वनरक्षक पटकन म्हणाला, "अरे बाप्पा!" आणि मग तोंड फिरवून खोकल्यासारखं करायला लागला.

अमरावतीच्या आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आत्या सत्त्याऐंशी वर्षांची आहे, फोन कपाळाला लावून बोलते, त्यामुळे आम्हाला फक्त तिचं कुंकू दिसत होतं. सगळं ऐकून घेतलं आणि अशी हसली की सून धावत आली.

"अरे तो मारीच हाय बाबू! गणपतीत सीताहरण केलं होतं ना पोरांनी, १९५० साली, त्यातला. चितार ओळीतून बनवून आणला होता आबांनी, धड लागलंच नाही स्टेजवर म्हणून नुसतं मुंडकं झुडपातून काढायचे. मी सीता झाली होती. मीच तर मागितला होता!"

"पण मला आबांनी..." बाबा म्हणाले.

"तू तेव्हा चार वर्षांचा, तुले काय आठवते? नाटक झालं, फेकाले जीवावर आलं, मग आबांनी तपकिरी मारला अन् टांगला. कोणी विचारलं की सांगायचे काहीतरी. मरताना माणसासारखा ओरडायचा तो, ते लक्ष्मणाचं... ते डायलॉग शेजारचा पोरगा पडद्यामागून म्हणायचा."

बाबा खुर्चीत बसले. पंचाहत्तर वर्षं सोन्याच्या हरणानं अख्ख्या घराला फिरवलं, आणि इथे तर सीतेला पण माहीत होतं. मला एकच गोष्ट राहून राहून वाटत होती, की १९७३ मध्ये नोंदणीच्या फॉर्मवर आबांनी सांबर एकच लिहिलं. सरकारला खरं सांगितलं त्यांनी. आम्हाला नाही.

मॅडमनी पंचनाम्यात लिहिलं, 'आठवा नग लाकूड व कागदाचा लगदा, वन्यप्राणी नाही', आणि बाबांची सही घेतली. सही करताना बाबांनी विचारलं की बाकीच्यांचं पुढे काय. मॅडम खोटं नाही बोलल्या. आधी गोदाम, मग कमिटी ठरवेल, कधी शिक्षणाकरता ठेवतात, कधी जाळतात पण, आसामात २०२१ मध्ये गेंड्याची जवळपास अडीच हजार शिंगं जाळली होती, म्हणजे कोणाला त्यात किंमत दिसू नये म्हणून. बाबा मान हलवत राहिले. मग उठून वाघाच्या दाढेवरची धूळ रुमालानं पुसली, आणि बायकोकडे बघून पटकन हात धुवायला गेले.

कॅम्परमध्ये सगळे चढले. अस्वल आडवं मावेना म्हणून मागे उभंच केलं, दोरीनं बांधून, तबक माझ्याकडेच राहील का म्हणून मी विचारलं तर मॅडम म्हणाल्या यादीत तबकासह आहे. गाडी गल्लीतून निघाली तेव्हा कोपऱ्यावर पोरं तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांना चाकं ठोकत बसली होती. अस्वल समोरून तबक पुढे करत गेलं तसं एक कार्टं उठून, पोळ्याला मारबतीचा पुतळा नेताना ओरडतात तसं ओरडलं, "घेऊन जाऽऽ गे मारबत!" आणि मग सगळीच ओरडली, खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा, गणिताचे सर घेऊन जा. वनरक्षकानं मागून हात केला. बाबा पण हसले असावेत, पाठमोरे होते.

आता बेशाला येऊन दीड महिना झाला. मारीच हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे, कायद्यानं कोणाची हरकत नाही आणि सासूबाईंना पण जागा उरली. खरवडलेल्या जागी सोनेरी ठिपका दिसतो, रंग लावून देऊ का विचारलं तर बाबा नको म्हणाले.

परवा समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ आले, चहा घेता घेता वर बघून एकदम उभेच राहिले. म्हणाले, "काय शिंगं आहेत हो! कोणी मारलं?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"रामानं," म्हणाले. "एका बाणात."