तलावाकाठी जेवायला जाताय, मग ताटात तलावही येऊ द्या

महाराष्ट्रात कुठल्याही धरणाच्या नाहीतर तलावाच्या काठावर 'गावाकडचा अनुभव' घ्यायला जा, ताटात तेच येतं. पिठलं, भाकरी, ठेचा, भरलं वांगं. पवनेला तेच, भंडारदऱ्याला तेच. माझं पिठल्याशी भांडण नाही, मी साताऱ्याची, ज्वारी-बाजरीवरच वाढले. पण गोंदिया जिल्ह्यात एका तलावाशेजारच्या रिसॉर्टवर हेच ताट समोर आलं तेव्हा मात्र राग आला. नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि ताटात ज्वारीची भाकरी! ती ज्वारी कुठून आणली असेल ते देव जाणे.

माझं सासर याच जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातलं, म्हणजे अस्सल झाडीपट्टी, पूर्व विदर्भातला जंगलांचा आणि धानाचा पट्टा. लग्न होईपर्यंत मला विदर्भ म्हटलं की कापूस, संत्री आणि दुष्काळ एवढंच माहीत होतं. तलावांचा विदर्भ कुणी सांगितलाच नव्हता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून हजारो मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातले. 'माजी मालगुजारी'चं लघुरूप करून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. बहुतेक दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे, गावकऱ्यांच्या हातांनी मातीच्या पाळी, म्हणजे बांध, घालून बांधलेले. यात कोहळी समाजाचा वाटा मोठा. तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन मिळेल, असं गोंड राजाने जाहीर केल्याची गोष्ट अजून सांगितली जाते. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, आणि लोकांनी त्यांना थेट देवच केलं, कोलासूर म्हणून. पाटबंधाऱ्याच्या कामाबद्दल कुणाला देवपण मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. हल्ली तर उलटंच ऐकायला मिळतं.

तर मुद्दा जेवणाचा. या भागातलं जेवण तलावातूनच येतं, आणि हे मी अलंकारिक बोलत नाहीये. तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडलं की पाणी पाटाने बांध्यांत जातं, त्यावर धान पिकतो. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा भात शिजत असला की शेजारच्या घरात कळतं. धान कापणीला यायच्या आधी त्याच उभ्या पिकात लाखोळी या कडधान्याचं बी फेकतात, उतेरा म्हणतात याला. ना नांगरणी, ना वेगळं पाणी. बांधीत उरलेल्या ओलीवर ती वाढते. तिचा कोवळा पाला खुडून भाजी, मग डाळ, डाळीचे वडे. या डाळीच्या विक्रीवर कित्येक वर्षं बंदी होती, पाय लुळे पडतात म्हणून. नुसती तीच, महिनोन्महिने, दुष्काळात दुसरं काही नसताना खाल्ली तर धोका असतो हे खरं. भाताबरोबर, बाकीच्या डाळींच्या जोडीने खाणाऱ्या माझ्या सासूबाई सत्तरी ओलांडून अजून बांधीत उतरतात.

आणि मासे. समुद्राचे मासे खाणाऱ्यांनी आधी नाक मुरडायचं थांबवावं. मरळ, शिंगूर, आणि बोटाएवढे बारीक मासे, वाळवलेल्या कैरीच्या फोडी घालून केलेल्या आंबट रश्श्यात. झिंगे वाळवून ठेवायचे आणि हिवाळ्यात वांग्यात घालायचे. वांगी-झिंगे आणि भात हे जेवण मी कोणत्याही पापलेटवर पैज लावून समोर ठेवेन. पहिल्यांदा मी काट्यांशी झटापट करत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मासोरी खाताना बोलाचं नाही वो बाई." तेव्हापासून आमच्या घरातलं सर्वात शांत जेवण तेच.

दिवाळीच्या आसपास शिंगाडे येतात. साकोलीच्या बसस्टँडवर उकडलेल्या शिंगाड्यांचे वाटे घेऊन बायका बसतात. आपण उपासाला जे पांढरं पीठ आणतो ते याचंच, पण ताज्या शिंगाड्याची चव त्या पिठात शोधू नका. ते काढायला मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली माणसं हिवाळ्याच्या थंडीत छातीभर पाण्यात उतरतात, काटे टोचत असतात ते वेगळंच.

मला बोलायचंय ते इथेच. 'ग्रामीण अनुभवा'च्या जाहिरातीत चूल असते, बैलगाडी असते, नऊवारीतली हसरी मावशी असते. ढिवर नसतो. तलाव कुणाचा, त्यात मासे कुणी सोडले, मासेमारीचा ठेका कोणत्या सोसायटीकडे आहे, हे पाहुण्याला कळतच नाही. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारच्या ताब्यात आले, आणि गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं ही गावाची नेहमीची कामं हळूहळू कुणाचीच राहिली नाहीत. त्यात बेशरम नावाचं तण माजलं. उत्पन्न जास्त म्हणून रोहू-कतल्याचं बीज सोडलं गेलं आणि गावठी मासे मागे पडले. पण काही गावांत ढिवरांनीच, त्यातही बायकांनी पुढे होऊन, बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तलावाचा तळ नांगरला आणि पूर्वीच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. वनस्पती आल्या तसे मासे आले, पक्षी आले. हे काम बघायला शहरातून बस भरून का जात नाही कुणी? रिसॉर्टच्या स्विमिंग पूलपेक्षा नक्कीच बघण्यासारखं आहे.

जायचंच असेल तर भाऊबीजेनंतर जा. तेव्हा गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, लेकी-जावई येतात, दिवसा दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे खेळ, रात्री झाडीपट्टीचं नाटक, तेही पहाटेपर्यंत. घोंगडी किंवा जाड शाल न्या. नवेगावबांधहून गोठणगावकडे वळलात तर इटियाडोह धरणाच्या बाजूला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, थेट मोमोच्या गावात पोचाल. (झाडीपट्टीत मोमो! पण 1970च्या दशकापासून आहेत ते लोक, आता तेही इथलेच.)

राहायला खाटेपेक्षा जास्त काही मागू नका. जेवायला मात्र मागा. रिसॉर्टवाल्याला सरळ विचारा, या तलावाचा मासा कधी येतो, कोण आणतो, चिन्नोर आहे का. नाही म्हणाला तर गावातल्या एखाद्या घरी पैसे देऊन जेवा, आणि घासाघीस करू नका. आणि "व्हेज ऑप्शन काय आहे?" असं ज्यांना आत्ताच विचारायचंय, त्यांनी लाखोळीचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.