प्रश्न स्वभावाचा नसून वेळेचा आहे

स्त्रियांचा कल मुळातच जोखीम टाळण्याकडे असतो, म्हणून त्या वरच्या पदांवर कमी दिसतात, हे एका लेखात वाचलेले स्पष्टीकरण मला पटले नाही. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले आहे की, एकाच व्यवसायातील स्त्री-पुरुषांच्या कमाईतले अंतर मुख्यतः पहिल्या अपत्यानंतर रुंदावते. बेळगावात उद्यमबागेतील एका कारखान्यात मी हिशेब पाहत असे. तिथली माझी सहकारी कामात माझ्याहून सरस होती, पण मुलाला सहाच्या आत पाळणाघरातून आणायचे असल्यामुळे महिनाअखेरीस तिला उशिरापर्यंत थांबता येत नसे, आणि बढती थांबणाऱ्याला, म्हणजे मला, मिळाली. बेळगावातल्याच वडगाव भागातील यंत्रमागाच्या घरांत तर दिवसभर कांड्या (मागासाठी सूत गुंडाळायच्या नळ्या) भरणाऱ्या बाईला कामगार म्हणून कोणी मोजतही नाही.