ड्राइव्ह फाइल घेत नाही म्हणून फॉरमॅट? आधी हे वाचा

सध्या फिरणारा मेसेज थोडक्यात असा: "एक्सटर्नल ड्राइव्ह अचानक नवीन फाइल घेईनासा झाला तर तो व्हायरस असतो. प्रॉपर्टीजमधली रीड-ओन्लीची टिक काढा. नाही जमलं तर डिस्कपार्टमध्ये क्लीन करा आणि सरळ फॉरमॅट मारा. डेटा कुठेही जात नाही, रिकव्हरी सॉफ्टवेअरने सगळा परत येतो. केबलही बदलून बघा."

माझ्या मावसबहिणीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, मारू का फॉरमॅट?" त्या ड्राइव्हवर तिच्या मुलांचे सगळे फोटो आहेत आणि दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून हे लिहिते आहे, आणि सगळ्यात घातक मुद्द्यापासून सुरुवात करते.

"फॉरमॅट केलं तरी डेटा परत येतो." हे विंडोज एक्सपीच्या काळातलं ज्ञान आहे. तेव्हा फुल फॉरमॅट फक्त खराब सेक्टर (डिस्कवरचे डेटा साठवायचे छोटे कप्पे) तपासत असे, जुना डेटा जागेवरच राहायचा. व्हिस्टापासून फुल फॉरमॅट संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहितो, हे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच आपल्या मदत-लेखात सांगितलं आहे. शून्यं लिहून झाल्यावर कुठलं सॉफ्टवेअर काय परत आणणार? क्विक फॉरमॅटवर टिक असेल आणि साधी फिरती हार्ड डिस्क असेल तर बऱ्याच फाइली सापडतात, एवढं मान्य करते. पण त्यातही अनेकदा फाइलींची नावं आणि फोल्डर गायब होतात, आणि डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी साठलेले मोठे व्हिडिओ उघडत नाहीत. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपवर साठवणारा ड्राइव्ह) असेल तर क्विक फॉरमॅटबरोबर ट्रिमची, म्हणजे 'हे ब्लॉक आता लागत नाहीत' अशी आज्ञाही जाऊ शकते. मग कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हमधली नियंत्रक चिप, ते ब्लॉक रिकामे धरतो आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती काही लागत नाही.

आणि मुळात, जुन्या फाइली अजून उघडतायत ना? मग रिकव्हरीची वेळ आणायचीच कशाला? लिहिणं बंद आणि वाचणं चालू असेल, तर पहिलं काम एकच: सगळं दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. ज्यांची दुसरी प्रत नाही ते फोल्डर आधी. तोपर्यंत त्या ड्राइव्हवर काहीही लिहू नका, कुठलीही 'दुरुस्ती' चालवू नका.

"डिस्कपार्टमध्ये क्लीन करा." डिस्कपार्ट म्हणजे विंडोजमधलं आज्ञा टाइप करून डिस्क हाताळायचं साधन. क्लीन ही आज्ञा निवडलेल्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं (डिस्कचे विभाग) उडवते, आणि "नक्की का?" असं विचारतही नाही. डिस्कचा नंबर चुकला तर दुसऱ्याच डिस्कचा बळी. डिस्कपार्टचा खरा उपयोग वेगळा आहे. 'लिस्ट डिस्क' करा, आकार बघून नंबर ओळखा, 'सिलेक्ट डिस्क' करून 'ॲट्रिब्यूट्स डिस्क' लिहा. दोन ओळी महत्त्वाच्या: 'करंट रीड-ओन्ली स्टेट' आणि 'रीड-ओन्ली'. 'रीड-ओन्ली'समोर 'येस' असेल तर 'ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली' या आज्ञेने कुलूप निघतं आणि डेटाला धक्का लागत नाही. पण पहिल्या ओळीत 'येस' आणि दुसरीत 'नो' असेल तर कुलूप दुसरीकडे आहे. ड्राइव्हच्या बाजूला लॉकची कळ आहे का ते बघा. मग ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावा. तिथे फाइल घेतली तर पहिल्या संगणकाच्या धोरणात (कंपनीने घातलेल्या सेटिंगमध्ये) लिहिणं बंद केलेलं आहे; ऑफिसच्या लॅपटॉपवर हे सर्रास असतं. कुठेच घेत नसेल आणि पेन ड्राइव्ह किंवा एसएसडी असेल तर दाट शक्यता ही, की फ्लॅश चिपमधले, खराब ब्लॉकच्या जागी वापरायचे राखीव ब्लॉक संपले आहेत. निदान जुना डेटा वाचता यावा म्हणून कंट्रोलर स्वतःच लिहिणं थांबवतो. ते कुलूप क्लीन करूनही निघत नाही, फॉरमॅट करूनही नाही. डेटा काढून घ्या आणि ड्राइव्ह बाद करा.

"व्हायरस असतो." क्वचित. आधी पडद्यावरचा एरर नीट वाचा. फाइल फार मोठी आहे असं म्हणत असेल तर ड्राइव्ह फॅट-३२ आहे, म्हणजे फाइली साठवायची त्याची पद्धत जुनी आहे. त्यावर एक फाइल ४ जीबीच्या आतच लागते, मग ५०० जीबी मोकळे का असेनात. यासाठीही फॉरमॅट लागत नाही. प्रत काढून ठेवा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) 'कन्व्हर्ट ई: /एफएस:एनटीएफएस' चालवा ('ई'च्या जागी तुमच्या ड्राइव्हचं अक्षर); ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या नव्या पद्धतीचा होतो. फाइली जागेवर राहतात. मात्र ही आज्ञा परत फॅटकडे नेत नाही. मॅकवर लिहिता येत नसेल तर बहुधा ड्राइव्ह एनटीएफएस आहे. मॅक तो मुळातच फक्त वाचतो, बिघाड काही नाही. डिस्क भरली म्हणत असेल तर मॅकवर डिलीट केलेल्या फाइली त्याच ड्राइव्हवरच्या लपलेल्या कचरापेटीत पडून असतात. ट्रॅश रिकामा करेपर्यंत जागा सुटत नाही.

"रीड-ओन्लीची टिक काढा." फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला तो भरलेला चौकोन फोल्डरला नव्हे, आतल्या फाइलींना लागू असतो. नवीन फाइल आत जायला तो आडवा येत नाही. सोडून द्या.

"केबल बदला." हा एक सल्ला ठीक आहे, म्हणूनच बाकीचा मेसेजही खरा वाटतो. हब काढा, आखूड केबलने थेट पोर्टला लावा. यूएसबी २ चा पोर्ट अधिकृतपणे ५०० मिलीॲम्पिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. वीज अपुरी पडली की फिरत्या डिस्कचा लिहिता लिहिता संगणकाशी संपर्क तुटतो.

तरीही तीच गत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ०५ (बदलून टाकलेले खराब सेक्टर) आणि सी५ (संशयित सेक्टर) या ओळींची रॉ व्हॅल्यू बघा. सी५ शून्य नसेल तर काही सेक्टर वाचताना अडकतायत. अशा वेळी चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची आज्ञा) '/एफ' किंवा '/आर' हे दुरुस्तीचे पर्याय लावून चालवू नका; '/आर' डिस्कचा प्रत्येक सेक्टर रगडतो आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. काहीही न जोडता चालवलेली चेकडिस्क फक्त अहवाल देते. लिनक्स जमत असेल तर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा आणि पुढचं सगळं काम त्या इमेजवर करा. डिस्क टकटक आवाज करत असेल तर लगेच बंद करून डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे द्या.