आयरिश ‘वेक’मध्ये कुणी उठायची वाट पाहत नव्हतं

साधारण 1999 साली इंग्रजी ईमेलांमधून पसरलेली एक गोष्ट अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. म्हणे, आयर्लंडमध्ये लोक शिसं मिसळलेल्या पेल्यांतून दारू पीत आणि दोन-दोन दिवस बेशुद्ध पडत. मेला की जिवंत, कळेना; म्हणून घरचे त्याला टेबलावर ठेवून खातपीत तो उठायची वाट पाहत. त्यावरून म्हणे, मृतापाशी जागण्याच्या रात्रीला ‘वेक’, म्हणजे ‘उठणे’, असं नाव पडलं.

आधी शिसं. ते अंगात महिनोन्‌महिने साठतं; पोटात कळा येतात, रक्त कमी होतं, हातपाय लुळे पडतात. एका बैठकीत मेल्यासारखी झोप लागत नाही. लागली तर ती दारूची.

मग शब्द. इंग्रजी ‘वेक’ इथे ‘जागं राहणे, राखण करणे’ या जुन्या अर्थाने आहे. ‘वॉच’ त्याचाच भाऊबंद. जागायचं ते जिवंतांनी. खंडोबाच्या जागरणात झोपलेला कोण, असं आपण विचारतो का? शिवाय आयरिश भाषेत या रात्रीला ‘फॅरा’ (faire) म्हणतात, म्हणजे पहारा. त्यात उठण्याचा संबंधच नाही.

खरी गंमत चालीरीतींत आहे. जीव गेला की घड्याळ त्या क्षणाला थांबवत, आरसा झाकत, आत्म्याला वाट म्हणून खिडकी उघडत. त्या वाटेत कुणी उभं राहायचं नाही. काही वेळाने खिडकी लावून घेत, आत्मा परत फिरू नये म्हणून. शेजारणी प्रेताला आंघोळ घालून हातात जपमाळ गुंफत. तो शुद्धीवर येईल अशी आशा असती, तर परतीची खिडकी कुणी लावली असती?

खाणंपिणं, पत्ते, धिंगाणा मात्र खरा. इतका, की चर्च 17व्या शतकापासून त्यावर बंदीचे फतवे काढत होतं आणि लोक ते बिनधास्त धाब्यावर बसवत होते. पण हा धिंगाणा पिकल्या पानाच्या मरणाला. तरुण गेला की घर शोकात बुडालेलं असे. वाट पाहण्यासाठीच मजा करायची असती, तर जगण्याची शक्यता जास्त असलेल्या तरुणापाशी ती अधिक नको होती?

जिवंतपणी पुरलं जाण्याची भीती युरोपात होती, हे मान्य. पण या रात्रीला येणाऱ्याच्या हातात तंबाखू भरलेली मातीची चिलीम देत, आणि ती घेताना तो म्हणे, ‘देव त्याच्या आत्म्यावर दया करो.’